दुसरा रकाना

४ सप्टेंबर, सोमवार

हिशेबाच्या वहीची पानं उरतायत म्हणून हे लिहायला घेतलं. पूर्वी आठवड्याला एक पान पुरत नसे, समासात आडवं लिहावं लागे. हे एप्रिलात गेले, तेव्हापासून आठवड्याच्या पाच ओळी होतात. कोरं पान फाडणं माझ्याच्याने होत नाही आणि कोरं ठेवणंही.

काल लेकीचा फोन. दर रविवारी येतो तसा. "आई, बाबांची खोली आवरलीस का?" मी म्हटलं, आवरते. खोली आवरलेलीच आहे. त्यांनी ठेवली होती तशी.

आज खालच्या शिवणवाल्या बाई वर आल्या. गळ्यात टेप तसाच. म्हणाल्या, "वहिनी, तुमचं नाव दिलंय मी."

"कशात?"

"फळ संशोधन केंद्राला वीस घरं हवीत. फळं घरात ठेवायची, रोज बघायचं नि लिहायचं. तुम्ही काडेपेटीतल्या काड्यांचासुद्धा हिशेब ठेवता, म्हटलं तुमच्याइतकं योग्य माणूस नाही."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नको म्हणाला असता. दिवसभर भिंतींशी बोलता, त्यापेक्षा फळांशी बोला. ती निदान पिकतील तरी."

मी भिंतींशी बोलत नाही. देवाशी बोलते. त्यांना खालून तेवढं कळत नसेल.

८ सप्टेंबर, शुक्रवार

केंद्रातली मुलगी दहाला आली. मुलगी म्हणजे तिशीची असेल, पण चपला काढताना तोल गेला तर दाराला न धरता स्वतःशीच हसली, म्हणून मुलगीच वाटली. दोन जिने चढून खोका आणलेला. त्यात चोवीस नाशपाती. बारांवर लाल ठिपका, बारांवर निळा. एका रंगाच्या फळांना तिने लेप लावलाय. रानातली एक वेल आहे, तिच्या बियांचा डिंक. कुठल्या रंगाला लावलाय ते सांगणार नाही म्हणाली. लेपाने फळ किती दिवस टिकतं आणि चवीला तसंच राहतं का, एवढं बघायचं.

नियम वाचून दाखवायला लागली. मी म्हटलं, "द्या इकडे, मॅट्रिक झालेय मी." फळं धुवायची नाहीत, थंड ठेवायची नाहीत, दिवसातून एकदाच हात लावायचा. खराब झालेलं खायचं नाही. हा शेवटचा नियम मला जड जाणार आहे.

मग तिने तक्ता काढला. "घरात माणसं किती, काकू?"

तोंडात बसलंय ते आलं. "मी आणि हे."

"काका कुठेत?"

"गेले ना ते."

तिने घड्याळाकडे पाहिलं. "हो, दहा वाजून गेले." आणि तक्त्यावर २ लिहिलं. "वय?"

"त्रेसष्ट." तेवढेच होते.

"आणि अजून कामावर जातात! काय करतात?"

"पाण्याचे मीटर वाचायचे." मी 'वाचायचे' म्हटलं. तिने 'वाचतात' ऐकलं असेल.

मी सांगणार होते. पण चहा उतू गेला. शेगडी पुसून बाहेर आले तोवर ती तक्त्याचे दोन रकाने आखून मोकळी झाली होती. चव दोघांनीही लिहायची, दर शुक्रवारी, लाल एक आणि निळं एक. माझा रकाना पहिला, यांचा दुसरा. अकराला येऊन कागद घेऊन जाईल.

आकडा शाईने लिहिलेला होता. खोडला तर घाण दिसली असती. पुढच्या शुक्रवारी सांगेन.

११ सप्टेंबर, सोमवार

फळं यांच्या खोलीत ठेवलीत. तिथे ऊन येत नाही. सकाळी जप झाला की जाऊन बघते. वास, रंग, डाग. बोटाने दाबून कडक का मऊ. चोवीस जणांची हजेरी घेतल्यासारखं होतं. खोलीत जायला कारण झालं.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

आज चव होती. सुरी घेतली आणि हात आपोआप चालला. आमच्याकडे कुठलंही फळ चिरलं की गराच्या फोडी यांच्या बशीत आणि बियांकडचं माझ्या. चाळीस वर्षं. बशा दोन मांडल्या गेल्या. बियांकडचं खाल्लं, माझ्या रकान्यात दोन्हींना 'ठीक' लिहिलं. ठीकच होतं.

यांची बशी भरलेली राहिली. टाकवेना. देवासमोर ठेवली, मग उचलली आणि त्यांच्या जागेवर बसून एकेक फोड खाल्ली. दुसरा रकाना कोरा ठेवणार होते. पण हे काय म्हणाले असते ते कानातच ऐकू आलं. यांची जीभ भारी तिखट. दारोदार मीटर वाचताना लोक पाणी द्यायचे, तर घरी येऊन सांगायचे, अमक्या गल्लीचं पाणी मऊ आहे, तमक्या गल्लीचं कपाटात ठेवल्यासारखं लागतं. मी हसायचे.

लिहिलं:

लाल. रस आहे, पण गोडीला घाई नाही. घास गिळल्यावर मागून येते.

निळं. पहिल्या घासाला गोड, मग नुसतं पाणी. दारातच सगळं बोलून टाकणारा पाहुणा.

मुलीने जिन्यातच वाचलं. तिचं हसणं वरपर्यंत आलं. परत चार पायऱ्या चढून म्हणाली, "काकू, काका भारीच आहेत हो! बाकीच्या घरांतले काका नुसतं 'बरं आहे' लिहून सही करतात."

मी 'आहेतच' म्हटलं. हे काही खोटं नाही.

१९ सप्टेंबर, मंगळवार

निळ्यांतली तीन, सात आणि दहा नंबरची गेली. एकाचं अर्धं अंग अगदी चांगलं होतं. कापून घेतलं असतं तर वाटीभर निघालं असतं. नियम म्हणजे नियम. कागदात गुंडाळून टाकताना देवाची माफी मागितली.

शिवणवाल्या बाई जिन्यात भेटल्या. "काय म्हणते तुमची फळवाली?" आता ते नावच पडलंय तिचं.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

फळवाली आज आली ती तक्ता नाचवतच. "काकू, हे काय लिहिलंय? 'नि. ३ वाढले. नि. ७ वाढले. नि. १० वाढले.' मी केंद्रातल्या मोठ्या बाईंना सांगून बसले, की घर क्रमांक चारमध्ये झाडावरून तोडलेली फळं वाढतायत!"

"वाढली म्हणजे वाढली. गेली."

"कुठे गेली?"

"अगं, खराब झाली. टाकली."

ती बघतच राहिली. "आमची मदतनीस म्हणाली, काकूंनी पानात वाढली असतील. नियम मोडला म्हणून खोडणार होतो आम्ही! कुजलं असं लिहायला काय झालं?"

"असं लिहू नये भरल्या घरात. बांगडी फुटली म्हणतो का आपण? वाढली म्हणतो. नारळ फोडला म्हणत नाही, वाढवला म्हणतो."

तिला इतकं हसू आलं की चष्मा काढून डोळे पुसले. मलाही आलं. दोघी हसत होतो. खोलीत आवाज कसा घुमला. किती दिवसांनी कुणी या खुर्चीत बसून हसलं ते मोजायला गेले आणि सोडून दिलं.

मग ती चष्मा लावून म्हणाली, "पण काकू, कागदावर जे झालं तेच लिहायचं हं. कुजलं तर कुजलं. तुम्ही चांगलं म्हणून झाकाल आणि वाचणाऱ्याला उलटंच कळेल."

मी मान हलवली. नेमकं आजच सांगायला हवं होतं. पण ती दुसरा कप चहा घ्यायला बसली. दुसरा कप घेणारं कुणी नव्हतंच इतके दिवस. पातेलं पुन्हा चढवण्यात वेळ गेला.

ती एकटी राहते. केंद्राच्या मागे खोली आहे. आई दूर असते. म्हणाली, "आई फोनवर विचारते, जेवलीस का. मी हो म्हणते. फोन ठेवला की जेवते."

२४ सप्टेंबर, रविवार

लेकीला फळांचं सांगितलं. खूश झाली. "बरं झालं, तुझा वेळ जाईल." दुसऱ्या रकान्याचं सांगितलं नाही. तिने खोलीचं विचारलं. म्हटलं, तिथे फळं आहेत, आता कशी आवरू?

२९ सप्टेंबर, शुक्रवार

निळी सगळी कुजली. (असंच लिहिलं तक्त्यावर. लिहून झाल्यावर देवाला हात जोडले.) लाल बारांतली नऊ शिल्लक, आणि नऊच्या नऊ टवटवीत. माझ्यासारख्या अडाण्यालाही कळलं लेप कुणाला आहे ते.

आजची लाल चिरली. माझ्या रकान्यात 'ठीक'. मग यांची बशी. एक फोड खाल्ली आणि लेखणी थांबली. हे काय म्हणाले असते ते ऐकूच येईना. कान लावून बसले, तरी नाही. मग आणखी एक फोड खाल्ली, सालीसकट, सावकाश. तेव्हा सुचलं.

लाल. सालीलगत शेवटी किंचित कडू. नळाला नवा पाइप बसवल्यावर पहिले दोन दिवस पाणी लागतं तसं.

फळवालीने वाचलं आणि हसली नाही. खुर्चीवर बसली. "हे काकांना लागलं?"

"का? चुकलं का काही?"

"वीस घरांत कुणालाच लागलं नाही. मलाही नाही." तिने ती ओळ पुन्हा वाचली. "बियांच्या सालीचा कडवटपणा उतरत असणार डिंकात. काकू, हे खरं असेल तर लेप बदलावा लागेल. सगळंच नव्याने."

"मग खोडू का?"

"खोडता काय! हेच तर हवं होतं."

ती गेल्यावर मी यांच्या फोटोकडे पाहिलं. म्हटलं, बघा, तुमच्या जिभेने पोरीचं काम वाढवलं. या वेळी खरंच वाढवलं.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

जे व्हायचं तेच झालं. फळवाली म्हणाली, "सोमवारी मोठ्या बाई येतायत, दहाला. काकांना भेटायला. लेप बदलायचा का हे त्या काकांशी बोलून ठरवणार आहेत. एक दिवस उशिरा जायला सांगा ना त्यांना कामावर."

मी म्हटलं, "बघते."

ती उतरत असताना शिवणवाल्या बाई दारात. त्यांनी विचारलं, "आज इतक्या खुशीत?" ही म्हणाली, "काकूंच्या मिस्टरांमुळे!" मला वरून शिवणवाल्या बाईंचं तोंड दिसत होतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी कठड्याला धरून उभी होते. नंतर वर आल्या, तेव्हा हातात माझी उसवलेली पिशवी शिवून आणली होती.

"वहिनी, हे काय चाललंय?"

"मी खोटं बोलले नाही."

"मग ती पोर काय म्हणत होती?"

मी पहिल्यापासून सांगितलं. त्या टेपच्या टोकाशी चाळा करत ऐकत होत्या. म्हणाल्या, "मी नाही सांगणार कुणाला. पण तुम्ही सांगा. ती नोकरीवाली पोर आहे, तिच्या अंगाशी येईल."

देवा, तू सगळं पाहतोस. मी एका शब्दाचंही खोटं लिहिलं नाही असं मला वाटत होतं. आज सगळे कागद मनात उलगडले तर पहिलाच आकडा खोटा. खाली कितीही नीट बेरीज केली तरी काय उपयोग? आणि सांगितलं तर शुक्रवार गेला. हेही लिहून ठेवते, कारण जे आहे तेच लिहायचं असं ठरलंय.

७ ऑक्टोबर, शनिवार

बस पकडून केंद्रात गेले. एप्रिलनंतर बसमध्ये पहिल्यांदाच बसले. सुट्टे पैसे मुठीत धरून धरून घामेजले.

लांबलचक इमारत. आत एका खोलीत नुसत्या फळ्या आणि फळ्यांवर नाशपातीच नाशपाती, प्रत्येकीला चिठ्ठी. शेजारच्या खोलीत कपाटं. फळवाली एकटीच टेबलाशी उभ्याने डबा खात होती. मला पाहून तिने डबा झाकला. "काकू! बसा ना. काका पण आलेत?"

"आधी तुझं जेवण होऊ दे."

तिने ऐकलं नाही. कपाट उघडून वेल दाखवायला लागली. जाड कागदावर चिकटवलेली, वाळून चपटी झालेली, पण पान न् पान पसरून ठेवलेलं. कोपऱ्यात चिठ्ठी. कुठे सापडली, कधी, कुणी आणली. नावाच्या जागी लिहिलं होतं, 'ओळख पटलेली नाही.'

"तीन वर्षं अशीच होती," ती म्हणाली. "नाव माहीत नाही तर खुशाल तसंच लिहायचं. अंदाजाने नाव लावलं की पुढचे शंभर जण फसतात."

मी म्हटलं, "हे एप्रिलात गेले."

"कुठे?"

देवा, आता तरी. म्हटलं, "वारले. एप्रिलात वारले. घरात माणूस एकच आहे."

ती कपाटाचं दार धरून उभी राहिली. मग म्हणाली, "आणि दुसरा रकाना?"

"मी भरला. पण ते असेच बोलायचे गं, शपथेवर सांगते, एक शब्द पदरचा नाही."

"काकू, चार शुक्रवार!" आवाज चढला तिचा. "मी दर वेळी विचारत होते काका कसेत म्हणून! आता तुमचं घर बाद. दोन्ही रकाने बाद. एकाच जिभेच्या दोन चवी कशा धरायच्या? राहिली एकोणीस घरं आणि लागतात वीस. मोठ्या बाईंना काय सांगू मी?"

"माझं नाव सांग. खरं काय ते सांग."

मी उठले. दारापर्यंत गेले तेव्हा मागून तिचा आवाज आला, पण रागाचा नव्हता, कोड्यात पडल्यासारखा.

"काकू. काका नव्हते, तर कडू कुणाला लागलं?"

बसने घरी आले.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

अकरा वाजून गेले. कुणी येणार नाही हे माहीत होतं तरी पातेल्यात दोन कपांचं पाणी घातलं होतं. अर्धं परत हंड्यात ओतलं.

लालमधली आठ शिल्लक आहेत. आता ती कशातच धरलेली नाहीत. तरी सकाळी जाऊन बघते. खोलीचं दार उघडलं की फळांचा वास येतो. मी यांच्या कपड्यांचा वास धरून होते इतके दिवस. तो कधी गेला ते कळलंच नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार

लेकीला सगळं सांगितलं. ती रडायला लागली. मी तिला विचारलं, "तुला आठवतं का, मला कुठलं फळ आवडतं?" ती म्हणाली, "तू बियांकडचं खायचीस, आई." मग थोड्या वेळाने, "मी विचारलंच नाही कधी."

तिची काय चूक? मलाच कुणी विचारलं तर सांगता आलं नसतं.

शपथेवर सांगितलं होतं तिथे, एक शब्द पदरचा नाही. ते पाइपाचं यांनीच कधीतरी म्हटलं असेल असं धरून चालले होते. आठवतेय, आठवतेय, पण कधी म्हणाले ते सापडत नाही. नवा पाइप बसवला तेव्हा हे कामावर होते. पहिला पेला मीच प्यायले होते.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

अकराला दार वाजलं. शिवणवाल्या बाई असतील म्हणून ओल्या हातानेच उघडलं. फळवाली. हातात खोका. आत आली, पण खुर्चीवर बसली नाही. चहा घेतेस का विचारलं तर नको म्हणाली.

"मोठ्या बाईंनी लाल फळ स्वतः चाखलं," ती खोक्याकडे बघत म्हणाली. "सालीसकट. तीनदा. तिसऱ्यांदा लागलं त्यांना. कडू आहे."

मी ओले हात पदराला पुसले.

"बियांची साल काढून नवा डिंक केलाय. विसावं घर लागतंच आहे. त्या म्हणाल्या, ज्या घराला कडू कळलं तेच घ्या." मग तक्ता काढला. तोच छापील कागद. पेन उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिला उत्तर माहीत होतं, तरी विचारलं. नियम आहे.

"घरात माणसं किती?"

"एक," मी म्हटलं. "हे वारले."

"ते लिहायला जागा नाही इथे, काकू," ती हळू म्हणाली. १ लिहिलं. दुसऱ्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत पट्टीने रेघ मारली. रेघ मारताना तिचा हात जरा थांबला, पण सरळ मारली. नमुन्याची एक फोड आजच चाखायची होती, सुरुवातीची चव म्हणून. "मी थांबते," म्हणाली, आणि दाराशीच उभी राहिली.

बशी एकच काढली. फळ चिरलं. बियांकडचं बाजूला काढलं आणि गराची फोड उचलली. देवाचं नाव घेऊन तोंडात घातली. कान लावले नाहीत.

लिहायला लागले. आधी सालीचा वास येतो, शाळेत पाटी ओली करून पुसल्यावर यायचा तसा. घास दाणेदार आहे. कडू नाही. गोड आहे, पण एकसुरी गोड. मला याहून आंबट आवडलं असतं. लहानपणी मी कच्ची फळं चोरून खायचे आणि दात आंबायचे, ते मला फार आवडायचं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

रकान्यात मावेना. रेघ मारलेल्या जागेत लिहू का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "नको, ती राहू दे तशी. कागद उलटा."

उलटला आणि पुढे लिहीत राहिले. मान वर केली तेव्हा ती खुर्चीवर बसली होती.